थोरलीला धाकटीचं वायरिंग

भंगारवाल्याने शटरवर दोन थापा मारल्या, आत आला आणि ‘बसा’ म्हणायची वाट न बघता एका जुन्या टायरवर बसला. बुधवारची सकाळ होती.

“वहिनी, शनिवारी दुपारी साखळी घेऊन येतो. तोवर चालू झाली तर तुमची, नाही झाली तर माझी. ठरलंय ना?”

“सगळ्यांचं ठरलंय. माझ्या लेकीचं ठरलंय, तुमचं ठरलंय. गाडीला तेवढं विचारायचं राहिलंय,” ती म्हणाली आणि त्याच्यापुढे चहाचा कप आदळला. चहा सांडला नाही. तिचा हात तसा पक्का होता.

गल्लीत तिला सगळे वायरवाली वहिनी म्हणायचे आणि तिच्या नवऱ्याला फिटर. तीस वर्षं या एका गाळ्यात इंजिन त्याचं आणि वायरिंग तिचं, अशी वाटणी होती. फिटर जाऊन आता आठ महिने झाले होते. लेक पाच तासांच्या वाटेवर राहायची आणि रविवारी आईला कायमची न्यायला येणार होती. यात लेकीचं काही चुकत नव्हतं. आपल्या आईने रिकाम्या गाळ्यात बसून भिंतींशी भांडावं, असं कुठल्या लेकीला वाटेल? वायरवालीनेही हो म्हटलं होतं, पण एका अटीवर. जाईन तर आपल्या गाडीतून, स्वतः चालवत जाईन. त्यावर लेक म्हणाली होती, “आई, ती गाडी शनिवारपर्यंत सुरू झाली नाही तर मात्र हट्ट सोडायचा.”

आपली गाडी म्हणजे काही राजाचा रथ नव्हे. सव्वीस वर्षांची छोटी व्हॅन, दोन्ही कुशींना पोचे आलेले आणि मागचं दार लाथ घातल्याशिवाय न लागणारं. वर्षापूर्वी उंदरांनी तिच्या पोटातल्या तारा कुरतडल्या, एक दिवस डॅशबोर्डमधून धूर निघाला आणि सगळं वायरिंग जळून कोळसा झालं. त्या सालच्या गाडीचं वायरिंग आता शोधूनही मिळत नव्हतं. भंगारवाल्याकडे तीच व्हॅन होती, पण चार वर्षांनंतरची. फिटर तिचं वायरिंग अख्खं उतरवून, खांद्यावर टाकून घेऊन आला. आपल्या गाडीला तो थोरली म्हणायला लागला आणि भंगारातलीला धाकटी.

“बहिणीबहिणींचे कपडे एकमेकींना होतातच,” तो म्हणाला होता.

“होतात. पण कुठे उसवावं लागतं, कुठे दुमडावं लागतं,” तिने सांगितलं होतं. “मी बसते सोबत, मगच हात लावा.”

पण नेमका त्याच आठवड्यात लेकीचा पाय मोडला आणि वायरवाली तीन महिन्यांसाठी तिकडे गेली. फिटरला कुठला दम निघायला! त्याने एकट्यानेच काम काढलं. रोज संध्याकाळी फोनवर विचारलं की म्हणायचा, “बरं चाललंय. हल्ली मी रोज फिरतो. आज चाळीस फेऱ्या झाल्या.” छाती दुखते म्हणून डॉक्टरने दोन वर्षांपूर्वी चालायला सांगितलं होतं आणि या माणसाने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही पायी जायचं नाव घेतलं नव्हतं. वायरवाली हरखली. लेकीला म्हणाली, “बघ, मी घरात नसले की शहाण्यासारखा वागतो तुझा बाप.”

परत यायच्या आदल्या दिवशी सकाळी तिने फोन केला. सामानाची बांधाबांध चालली होती, एक पिशवी मावत नव्हती आणि ती वैतागलेली होती.

“अहो, गाडीचं कुठवर आलं ते तरी सांगा.”

“तू ये तर. मग दाखवतो.”

“काय दाखवता?”

“ये तर खरी.”

“तुमचं हे नेहमीचंच,” असं म्हणून तिने फोन ठेवला. त्या संध्याकाळी फिटर गाळ्यातल्या स्टुलावर टेकला तो उठला नाही. छातीत एक कळ आली, एवढंच डॉक्टर म्हणाला.

आठ महिने तिला ते बोलणं पुरलं होतं आणि पुरलं नव्हतं. स्वयंपाक करताना, झाडताना, अंथरुणावर कूस बदलताना ती त्याला विचारायची, काय दाखवणार होतात? माणूस गेल्याचं दुःख ती सोसत होती, सगळेच सोसतात. पण ‘मग दाखवतो’ म्हणून गेलेल्या माणसाचं काय करायचं? दाखवण्यासारखं या गाळ्यात होतंच काय? गाडी होती, म्हणजे तो गाडीच दाखवणार होता, असं तिने स्वतःला समजावलं होतं. ते तिला पुरतं पटलेलं नव्हतं.

तिने गाडीला हात लावला नव्हता तोही त्यामुळेच. पुढचे दिवे, मागचे दिवे, इंजिन, सगळीकडची टोकं फिटरने जोडून ठेवली होती. उरली होती फक्त डॅशबोर्डकडची. स्टिअरिंगखाली तेवीस तारा लोंबत होत्या आणि प्रत्येकीला पांढऱ्या चिकटपट्टीचा झेंडा लावून फिटरने आपल्या तिरप्या अक्षरात नाव घातलं होतं. झेंड्याच्या कोपऱ्यात दोन बारीक रेघा. दिवसकार्य झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर टॉर्च लावून ते तेवीस झेंडे वाचले. वायपर. हॉर्न. पंखा. डावा पार्किंग. ब्रेक. वेडी आशा होती तिला. तेवीसमध्ये एखादा तरी शब्द आपल्यासाठी असेल. नव्हता.

“मेलं, एकीवर तरी ‘जेवलीस का’ लिहायचं!” ती रिकाम्या गाळ्यात मोठ्याने म्हणाली होती, आणि मग तिथेच बसून रडली होती.

ते झेंडे एकेक करून काढले, तारा जोडल्या, की संपलं. फिटरचं अर्धं राहिलेलं काम हीच त्याची शेवटची शिल्लक होती. अर्धं आहे तोवर तो चहाला बाहेर गेल्यासारखा होता. पण शनिवारनंतर ही शिल्लक साखळीला बांधून भंगारात जाणार होती, म्हणून भंगारवाला गेल्यावर तिने पदर खोचला, चष्मा पुसला आणि पक्कड घेऊन ती स्टिअरिंगखाली आडवी झाली.

*

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी गल्लीत कोणालाही ठाऊक नव्हती. फिटरला लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसत नसे. दोन्ही त्याला मातकट दिसायचे. गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाने हे सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फिरकेल का? लग्नानंतर महिन्याभराने त्याने तिला सांगितलं, तेही चोरी कबूल केल्यासारखं. त्या दिवसापासून ती गाळ्यात येऊन बसायला लागली. तो तार हातात धरायचा आणि मान न वळवता विचारायचा, “अगं, ही कुठली?” ती भाजी निवडत असेल, लेकीची वेणी घालत असेल, तिथूनच बघून सांगायची, “हिरवी, पांढरी रेघ.” गिऱ्हाइकं हसायची. फिटर बायकोला विचारल्याशिवाय तारही जोडत नाही, म्हणायची. तोही हसायचा. बायकोच्या मुठीतला म्हणून झालेलं नाव त्याने तीस वर्षं आनंदाने मिरवलं. ऐकता ऐकता ती वायरिंग शिकली, आणि मग त्याच्यापेक्षा बरं करायला लागली.

आता तिला गाळ्यात सगळ्यात जास्त काय ऐकू येत नसेल, तर ते “अगं, ही कुठली?” कधी कधी ती स्वतःच एखादी तार उचलायची आणि कोणी न विचारता रंग सांगायची.

काम किचकट होतं, पण तिच्या हातातलं होतं. थोरलीच्या पिना गोल, धाकटीच्या चपट्या. थोरलीच्या फ्यूज बॉक्सला सहा घरं, धाकटीच्या तारा दहा घरांच्या हिशेबाने आलेल्या. टोक छाटायचं, सोलायचं, टोकावर नवा पितळी लग बसवून दाबायचा, झेंडा काढून डब्यात ठेवायचा, पुढची तार. गुरुवारी दुपारपर्यंत सतरा झाल्या. पाठ धरली, म्हणून मधेच ती गाडीच्या पायरीवर बसून जेवली.

मग ती अडली. उरलेल्या सहातल्या पाच तारांचं आणि झेंड्यांचं पटेना. थोरलीचे रंग तिला घरच्या माणसांसारखे पाठ होते. ब्रेकची तार लाल, पिवळ्या रेघेची. हॉर्नची हिरवी. आणि इथे फिटरने हिरवीवर ‘ब्रेक’ लिहिलं होतं आणि लाल-पिवळीवर ‘हॉर्न’. बाकीच्या तिघींचंही तेच. लालच्या जागी हिरवी, हिरवीच्या जागी लाल. नेमका हाच घोळ!

“अहो, म्हणून सांगत होते ना, मी असल्याशिवाय हात लावू नका,” ती हळूच म्हणाली. तिला राग आला नाही. उलट बरं वाटलं, खोटं कशाला बोला. त्याचं आपल्यावाचून अडलं होतं, तेही मेल्यावर. तिने पाचही झेंडे काढून डब्यात ठेवले आणि पाचही तारा डोळ्यांनी बघून, रंगाप्रमाणे जोडल्या.

सहावी तार तर अगदीच आगाऊ होती. तिच्यावर लिहिलं होतं ‘बाजूचं दार’. थोरलीच्या बाजूच्या दाराला जन्मात कधी तार नव्हती. आतला दिवा लागायचा तो फक्त चालवणाऱ्याचं दार उघडलं की. यावरून वीस वर्षं त्यांच्यात वाजलं होतं. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांसाठी रात्री-अपरात्री दोघांना निघावं लागायचं. फिटर त्याच्या दाराने उजेडात बसायचा आणि स्वतःचं दार ओढून घ्यायचा. मग ही तिच्या दाराने अंधारात चाचपडत चढायची. एकदा ती ग्रीसच्या उघड्या डब्यात बसली होती. “मी म्हणजे काय सामान आहे का, कुठेही आदळायला?” ती ओरडली होती. तो हसून हसून गाडी चालवू शकेना. शेवटी म्हणाला, “कंपनीनेच दिलं नाही, तर मी कुठून आणू?”

धाकटीत असेल तसली सोय. थोरलीत तार जोडायला जागाच नाही. तिने ती तार दुमडली, काळी टेप गुंडाळली आणि मागे खोचून दिली.

*

शुक्रवारी दुपारी तिने बॅटरी जोडली, दिवे नीट दिसावेत म्हणून शटर खाली ओढलं आणि गाडीत बसली. हेडलाइट लागला. वायपर कुरकुरत का होईना, पण फिरला. मग तिने ब्रेकवर पाय ठेवला आणि हॉर्न वाजला.

केवढ्याने वाजला! बंद गाळ्यात तो आवाज भिंतींना आपटून परत आला. तिने पाय काढला. पुन्हा ठेवला. पुन्हा हॉर्न. मग तिने हॉर्न दाबला, तर हॉर्न गप्प आणि मागच्या भिंतीवर लाल उजेड. ब्रेकचे दिवे. आधी तिला हसू फुटलं, मग तिने हॉर्न पुन्हा दाबून बघितला.

रंग तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते. डोळे चुकले नव्हते. मग?

भिंतीवर फिटरचा टेस्ट लॅम्प टांगलेला होता. छोटा बल्ब, एका बाजूला सुई, एका बाजूला चिमटा. तिने तो काढला. मागच्या दिव्याच्या जोडणीतल्या ब्रेकच्या तारेला बॅटरीचा करंट दिला, मग गाडीला वळसा घालून पुढे आली, चिमटा पत्र्याला लावला, स्टिअरिंगखाली आडवी झाली आणि जोडलेल्या टोकांना एकेक करून सुई लावत गेली. बल्ब लागला तो हिरव्या तारेवर. जिच्यावर फिटरने ‘ब्रेक’ लिहिलं होतं, तिच्यावर.

चार वर्षांत कंपनीने रंगच बदलले होते. बहिणी दिसायला सारख्या, पण धाकटीची रीत वेगळी होती. रंगावर भरवसा ठेवणारा माणूस इथे फसणारच होता आणि फिटरचा तर रंगावर जन्मात कधी भरवसा नव्हता. पाचही झेंडे बरोबर होते. चुकली होती ती.

ती उठली. दुसरी तार तपासायला परत मागे जायला निघाली आणि गाडीच्या मधोमध थांबली. गुडघे ठणकत होते. एका टोकाला एक फेरी. मागे करंट द्यायचा, पुढे येऊन आडवं व्हायचं, उठायचं, परत मागे. दोघं असती तर एकाने मागून ओरडायचं आणि दुसऱ्याने पुढून, अर्ध्या तासाचं काम. तो एकटा होता. तेवीस तारा, एकेकीला वाटेत कितीतरी फाटे, आणि झेंड्यांवर दोन दोन रेघा, म्हणजे प्रत्येक तार दोनदा तपासलेली. कुठली पुढे जाते, कुठली मागे, कुठली मधेच फुटते, हे सगळं आंधळ्याने भिंत चाचपावी तसं त्याने शोधून काढलं होतं.

हल्ली मी रोज फिरतो. आज चाळीस फेऱ्या झाल्या.

तिने गाडीच्या पत्र्याला हात टेकला. तो या गाडीभोवती फिरत होता. तीन महिने, रोज संध्याकाळी, दुखऱ्या छातीने तो इथेच गोल गोल फिरत होता आणि फोनवर ती म्हणत होती, बरं झालं, चाला. एका क्षणी तिला लागलंसुद्धा. म्हणजे माझ्या डोळ्यांवाचून त्याचं अडलं नाही. मग तिचं तिलाच कळलं, अडलं नसतं तर एवढा चालला कशाला असता? एका हाकेचं काम होतं. हाकेला ओ द्यायला ती नव्हती, म्हणून त्याला एवढं चालावं लागलं.

“अहो, मला बोलवायचंत,” ती म्हणाली. “लेकीचा पाय काय, जुळलाच असता. मला बोलवायचंत ना.” तिला तो इतका हवासा वाटला की ती तिथेच, फरशीवर, चाकाला टेकून बसली आणि बराच वेळ उठली नाही.

शनिवारी सकाळी तिने पाच तारा सोडवल्या. डब्यातून पाच झेंडे काढून जागच्या जागी लावले आणि या वेळी डोळे जवळजवळ मिटून, फक्त झेंडे वाचून जोडल्या. ब्रेक दाबला, मागे लाल उजेड पडला. हॉर्न दाबला, हॉर्न वाजला. किल्ली फिरवली. थोरली दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा सुरू झाली. तिने ती थोडा वेळ चालू ठेवली आणि मग बंद केली. गाळ्यात पुन्हा सामसूम झाली.

हेच दाखवायचं होतं ना? गाडी सुरू झालेली? तिने स्वतःला विचारलं, आणि आत काहीच हललं नाही. आनंद झाला, पण उत्तर मिळाल्यासारखं वाटलं नाही.

राहिली होती फक्त ती आगाऊ तार. बावीस झेंडे खरे निघाले, मग तेविसावाच खोटा कसा असेल? तिने टेप सोडवली, झेंडा सरळ केला. ‘बाजूचं दार’, आणि कोपऱ्यात दोन रेघा. म्हणजे हीसुद्धा त्याने दोनदा तपासली होती. जी तार कुठेच जात नाही, ती कोणी दोनदा तपासतं का?

आतल्या दिव्याच्या तारेला तिने ती जोडली आणि काय होतं म्हणून बघत बसली. काहीच झालं नाही. स्टिअरिंगच्या बाजूने उतरून तिने दार लावून घेतलं. अर्धवट वर केलेलं शटर पुन्हा पूर्ण खाली ओढलं. मग वळसा घालून गाडीच्या पलीकडे गेली. आठ महिन्यांत ती या बाजूला आली नव्हती. काम सगळं स्टिअरिंगकडे होतं, आणि तिच्या जागेवर बसायचं तरी कोणाशेजारी?

तिने तिचं दार उघडलं आणि गाडीत दिवा लागला.

पिवळा, मिणमिणता दिवा. तिच्या सीटवर उजेड पडला. सीट पुसलेली होती. दाराच्या चौकटीत, जिथे जन्मात कधी काही नव्हतं, तिथे धाकटीचं छोटं काळं बटण बसवलेलं होतं. भोक पाडून, कड कानशीने घासून, हात कापू नये म्हणून भोवती रंगाचा एक हात मारलेला. रंग मात्र चुकला होता. गाडी हिरवी आणि कड तांबडी. त्याला दोन्ही एकच.

तिने दार लावलं, दिवा गेला. उघडलं, दिवा आला. लावलं. उघडलं. किती वेळा, ते तिने मोजलं नाही. मग ती चढली आणि उजेडात नीट बघून आपल्या जागेवर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

शटरवर दोन थापा पडल्या. भंगारवाला शटर वर ढकलून, साखळी खांद्यावर टाकून आत आला. “काय वहिनी, नेऊ का?”

“साखळी ठेवा तिकडे. गाडी सुरू झालीय. या इकडे, हे दार उघडून बघा.”

त्याने दार उघडलं. आत वाकून बघितलं, खाली बघितलं, वर बघितलं.

“दिवा लागला. मग? सगळ्याच गाड्यांत लागतो.”

“या गाडीत नव्हता लागत.”

त्याला काही उमगलं नाही. रविवारी निघायच्या आधी भेटतो म्हणाला आणि साखळी उचलून गेला. तिने लेकीला फोन लावला. “गाडी तू चालव उद्या. मी बाजूला बसणार आहे.” लेक म्हणाली, “अगं, चालवायचा हट्ट तर तुझाच होता ना?” ती म्हणाली, “होता.”

फोन ठेवून ती पुन्हा आपल्या सीटवर येऊन बसली. दार तिने उघडंच ठेवलं. शेजारच्या रिकाम्या सीटकडे न बघता, तो जसा तिला मान न वळवता विचारायचा अगदी तसं, ती म्हणाली, “अहो, दिसलं.”